डॉक्टर घडवणारे शिक्षण: वैद्यकीय अध्यापनाचे सिद्धांत आणि पद्धती यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वैद्यकीय महाविद्यालयांत नव्याने रुजू झालेले सहायक प्राध्यापक, वॉर्डात कनिष्ठांना शिकवणारे निवासी डॉक्टर आणि आपल्याला असेच का शिकवले जाते हे जाणून घेऊ पाहणारे विद्यार्थी यांच्याकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. भर एमबीबीएसच्या अभ्यासक्रमावर असला, तरी पद्धतींविषयी जे म्हटले आहे ते परिचर्या, दंतवैद्यक आणि भौतिकोपचार यांनाही बहुतांशी लागू पडते.

शिक्षणशास्त्राचे नावही न घेतलेल्या शिक्षकांनी उत्तम डॉक्टर घडवले. मग हे सिद्धांत आता कशासाठी?

हे निरीक्षण खरे आहे, आणि त्या शिक्षकांचा आदर राखूनच पुढचे बोलले पाहिजे. मुंबईत १८४५ साली ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले तेव्हापासून आपल्याकडे वॉर्ड हीच वैद्यकाची खरी शाळा राहिली आहे. विद्यार्थी थोडे असत, रुग्ण बरेच दिवस वॉर्डात राहत, आणि युनिटचे प्रमुख त्याच विद्यार्थ्याला दीर्घकाळ पाहत असल्यामुळे तो कुठे अडतो हे त्यांना वेगळे कळवावे लागत नसे. जीन लेव्ह आणि एत्येन वेंगर यांनी १९९१ मध्ये लायबेरियातील शिंपी, युकातानमधील सुइणी अशा समूहांतील शिकाऊ उमेदवारांविषयी जी मांडणी केली, तिच्यात हेच चित्र दिसते: नवखा माणूस कडेला उभा राहून लहान पण खरी कामे करत जातो आणि त्या व्यवसायाच्या मध्याकडे हळूहळू सरकतो.

आज तुकडी १५० किंवा २०० विद्यार्थ्यांची, काही ठिकाणी २५० जणांची असते. रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जातो. एका विभागातले पोस्टिंग काही आठवड्यांत संपते. सहवासातून पूर्वी जे आपोआप घडत असे, ते आता वेळ राखून आणि ठरवून घडवावे लागते. त्यासाठी ते नेमके कशामुळे घडत होते हे आधी समजले पाहिजे. सिद्धांतांचा उपयोग तेवढ्यासाठी आहे आणि तेवढा पुरेसा आहे.

क्षमताधिष्ठित वैद्यकीय शिक्षण म्हणजे काय, आणि ते भारतात कधीपासून लागू झाले?

भारतीय वैद्यक परिषदेच्या १९९७ च्या नियमांनुसार चालणारा अभ्यासक्रम मुख्यतः विषय आणि तास यांवर उभा होता. परिषदेने २०१८ मध्ये नवा अभ्यासक्रम तीन खंडांत प्रसिद्ध केला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये प्रवेश घेतलेल्या तुकडीपासून तो अमलात आला. सप्टेंबर २०२० मध्ये परिषदेची जागा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने घेतली, पण दिशा तीच राहिली.

या अभ्यासक्रमाची सुरुवात ‘काय शिकवायचे’ येथून होत नाही. पदवी घेऊन बाहेर पडणारा डॉक्टर काय करू शकला पाहिजे हे आधी ठरते आणि तेथून मागे येत अध्यापन व परीक्षा आखल्या जातात. त्याच्यासाठी पाच भूमिका सांगितल्या आहेत: रुग्णोपचार करणारा चिकित्सक, आरोग्यपथकाचा नेता आणि सदस्य, संवादक, आयुष्यभर शिकणारा अभ्यासक आणि व्यवसायनिष्ठ डॉक्टर. पूर्वी अभ्यासक्रमात ‘मधुमेह: प्रकार, कारणे, लक्षणे, उपचार’ असा मथळा पुरत असे, आता ‘ग्लुकोमीटरवर रक्तातील साखर तपासून तिचा अर्थ सांगता आला पाहिजे’ अशा स्वरूपाची वाक्ये असतात. सुरुवातीचा फाउंडेशन कोर्स, पहिल्याच वर्षापासून रुग्णांशी भेट, विषयांची एकमेकांशी सांगड, वृत्ती-नीती-संवाद यांसाठीचा एटकॉम हा भाग आणि इलेक्टिव्ह (विद्यार्थ्याने स्वतः निवडलेले) पोस्टिंग हे सारे याच मांडणीतून आले.

कागदावरची ही रचना चांगली आहे असे आमचे मत आहे. तिचा कस मात्र एकाच ठिकाणी लागतो. विद्यार्थी ते काम करताना कोणी जाणत्या माणसाने प्रत्यक्ष पाहिले का? पाहणे झाले नसेल, तर क्षमतांची यादी कितीही बारकाईने केलेली असो, लॉगबुकात सह्यांच्या रांगेपलीकडे काही उरत नाही.

अभ्यासक्रमातील क्षमतांसमोर के, केएच, एसएच, पी अशी अक्षरे असतात. त्यांचा अर्थ काय?

अमेरिकी वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये मांडलेल्या पिरॅमिडच्या या चार पायऱ्या आहेत. सर्वांत खाली ‘माहीत आहे’, तिच्यावर ‘कसे करायचे ते माहीत आहे’, त्यावर ‘करून दाखवतो’ आणि टोकाला ‘प्रत्यक्ष कामात करतो’. छातीत कळ आलेल्या रुग्णाचा ईसीजी केव्हा काढावा हे लिहिणे पहिल्या पायरीवर येते. समोर ठेवलेल्या प्रसंगावरून तो आत्ता काढावा की नाही याचे कारणांसह उत्तर देणे दुसऱ्या पायरीवर. स्किल लॅबमध्ये छातीवर लीड (ईसीजीच्या तारा) योग्य जागी लावून दाखवणे तिसऱ्या पायरीवर. आणि रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत, नातेवाइकांच्या गर्दीत, कोणी न सांगता तो वेळेवर काढणे हे टोकावर.

या चित्रातून निघणारा व्यावहारिक नियम शिक्षकांनी कधी विसरू नये: जी पायरी शिकवली तीच तपासावी. लेखी उत्तरपत्रिकेत शंभरपैकी नव्वद गुण मिळवणारा विद्यार्थी लीड नीट लावतो की नाही हे त्या गुणांवरून कळू शकत नाही.

प्रौढशिक्षणाचा सिद्धांत नुकत्याच बारावी झालेल्या मुलांना कसा लागू करायचा?

माल्कम नोल्स यांच्या मांडणीनुसार प्रौढ माणूस स्वतःच्या गरजेतून शिकतो, गाठीशी असलेला अनुभव वापरतो आणि जे लगेच उपयोगी पडेल ते पटकन आत्मसात करतो. नीटच्या तयारीत दोन-तीन वर्षे बहुपर्यायी प्रश्न सोडवत आलेला सतरा-अठरा वर्षांचा विद्यार्थी या वर्णनात बसत नाही, आणि पहिल्या दिवसापासून ‘तुमचे तुम्ही शिका’ असे सांगून त्याला सोडून देणे हा त्याच्यावर अन्याय आहे. या वर्णनाकडे अंतिम वर्षापर्यंत गाठायचा मुक्काम म्हणून पाहणे योग्य ठरते. पहिल्या वर्षी काय वाचायचे, कोणत्या प्रश्नांची उत्तरे शोधायची हे शिक्षकाने ठरवून द्यावे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी प्रश्न विद्यार्थ्याने काढावेत आणि शिक्षकाने ते तपासावेत. इंटर्नशिपमध्ये आपल्याला काय येत नाही याची यादी इंटर्नने स्वतः करून आणावी. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगोट्स्की यांनी सांगितलेले क्षेत्र हेच आहे: जे एकट्याने जमत नाही, पण जाणत्याच्या मदतीने जमते. मदत तेवढीच द्यावी आणि ती वेळेवर काढूनही घ्यावी.

व्याख्यान ही पद्धत टाकाऊ झाली आहे का?

नाही. दोनशे विद्यार्थ्यांसमोर एखाद्या अवघड विषयाचा नकाशा उभा करण्यासाठी उत्तम व्याख्यानाइतके स्वस्त आणि वेगवान साधन दुसरे नाही. अडचण व्याख्यान कसे दिले जाते यात आहे. जॉन स्वेलर यांनी १९८८ पासून विकसित केलेला आकलनभाराचा सिद्धांत असे सांगतो, की नवी माहिती ज्या तात्कालिक स्मृतीतून जाते तिची धारणा फार थोडी असते. (जॉर्ज मिलर याच नावाच्या दुसऱ्या शास्त्रज्ञाने १९५६ मध्ये ती साधारण सात घटकांची धरली होती, पुढच्या संशोधनाने ती आणखी कमी ठरवली.) सत्तर स्लाइड, प्रत्येकीवर बारा ओळी आणि त्या ओळी वाचून दाखवणारा आवाज असे तासभर चालले, तर विद्यार्थ्याची सारी शक्ती स्लाइड उतरवून घेण्यात खर्च होते आणि समजून घेण्यासाठी काही उरत नाही.

दुसरी बाब आठवणीची. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एक उतारा पुन्हापुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत जास्त आठवले. पण आठवड्याने घेतलेल्या चाचणीत, वाचनानंतर उतारा न पाहता आठवून लिहिणारे विद्यार्थी पुढे गेले. म्हणून व्याख्यानात दर दहा-पंधरा मिनिटांनी थांबून एक प्रश्न टाकावा, दोन मिनिटे शेजाऱ्याशी चर्चा करू द्यावी आणि मग उत्तर घ्यावे. पुढच्या तासाची सुरुवात मागच्या तासावरच्या तीन प्रश्नांनी, वही न उघडता, करावी. गुण देऊ नयेत. यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही, आणि आमच्या मते मोठ्या तुकडीत करता येण्याजोगा सर्वांत फलदायी बदल हाच आहे.

समस्याधारित अध्ययन आपल्याकडे शक्य आहे का?

कॅनडातील हॅमिल्टन येथील मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ मध्ये संपूर्ण वैद्यकीय अभ्यासक्रमच समस्यांभोवती बांधला. सहा-आठ विद्यार्थ्यांचा गट, समोर एका रुग्णाची कहाणी, ‘आपल्याला काय माहीत आहे, काय माहीत नाही’ याची यादी, मग स्वतंत्र वाचन आणि पुन्हा चर्चा, असा तो क्रम. शिक्षक उत्तर सांगत नाही. तो गटाला वाटेवर ठेवतो. १९९३ मधील मोठ्या आढाव्यांत असे दिसले, की या पद्धतीने शिकलेल्यांना शिक्षण अधिक आवडते आणि रुग्ण हाताळण्यात ते थोडे पुढे असतात. मूलभूत विषयांच्या लेखी परीक्षेत मात्र ते वरचढ ठरत नाहीत.

दोनशेच्या तुकडीला पंचवीस-तीस गट आणि तितकेच तयार मार्गदर्शक लागतील, हे बहुतेक महाविद्यालयांना जमणारे नाही. त्याऐवजी दोन पर्याय व्यवहार्य आहेत. एक, प्रसंगाधारित अध्ययन, ज्यात विद्यार्थी आधी वाचून येतात आणि शिक्षक चर्चेला अधिक दिशा देतो. दुसरा, लॅरी मायकेलसन यांनी अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या अखेरीस विकसित केलेले संघाधारित अध्ययन, ज्यात एकच शिक्षक एका सभागृहात अनेक गट चालवू शकतो: आधी वैयक्तिक चाचणी, मग तीच चाचणी गटाने मिळून, आणि त्यानंतर सर्व गटांना एकाच वेळी एकाच अवघड प्रसंगावर निर्णय द्यायला लावणे.

काही विद्यार्थी डोळ्यांनी शिकतात, काही कानांनी. त्याप्रमाणे शिकवावे का?

नाही. २००८ मध्ये झालेल्या एका सखोल आढाव्यात अशी जुळवणी केल्याने शिक्षण सुधारते याला आधार सापडला नाही. काय शिकवायचे आहे त्यावर माध्यम ठरवावे: हृदयाचे आवाज प्रत्येकाने ऐकूनच शिकायचे आहेत आणि त्वचेवरचे पुरळ प्रत्येकाने पाहूनच.

एका खाटेभोवती वीस विद्यार्थी उभे असतात. अशा वेळी बेडसाइड क्लिनिक कसे घ्यावे?

पहिली गोष्ट रुग्णाची. त्याची परवानगी घ्यावी, किती वेळ लागेल ते सांगावे, पडदा ओढावा, आणि ‘हा कावीळचा पेशंट’ असे न म्हणता ‘काका’, ‘मावशी’ किंवा आडनावाने हाक मारावी. ज्या निदानाचे नाव रुग्णाला अजून सांगितलेले नाही ते त्याच्या खाटेशी उच्चारू नये. ती चर्चा डेमो रूममध्ये करावी. हे शिष्टाचार वीस जणांच्या डोळ्यांसमोर घडत असतात, त्यामुळे तेही अध्यापनच आहे.

दुसरे म्हणजे वीस जणांना कामे वाटून द्यावीत. दोघांनी आदल्या दिवशी हिस्ट्री (रुग्णाच्या आजाराची हकिगत) आणि तपासणी करून यावे, एकाने केस प्रेझेंट करावी, दुसऱ्याने तपासणीतली एक खूण सर्वांसमोर दाखवावी, उरलेल्यांनी प्रेझेंटेशन ऐकताना निदानांची स्वतःची यादी लिहावी आणि प्रत्येक नव्या माहितीनंतर तिच्यात बदल करावा. वेळ उरला तर गट दोन खाटांवर विभागून ज्येष्ठ निवासी डॉक्टरांची मदत घ्यावी.

ओपीडीच्या घाईत वापरायला १९९२ मध्ये मांडली गेलेली ‘एक मिनिटाचा मार्गदर्शक’ ही पद्धत फार उपयुक्त आहे. विद्यार्थी रुग्णाची माहिती सांगून थांबला, की शिक्षकाने लगेच निदान सांगू नये. “तुला काय वाटते, यांना काय झाले असावे?” असे विचारून त्याला एका मताशी बांधून घ्यावे. “कशावरून वाटते? दुसरे काही असू शकेल का?” हा दुसरा प्रश्न. मग या रुग्णातून निघणारा एकच सर्वसाधारण नियम सांगावा. त्याने जे बरोबर केले ते नेमक्या शब्दांत सांगावे. आणि जे चुकले ते दुरुस्त करावे. पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण चुकीचे का होईना पण स्वतःचे मत दिल्याशिवाय विद्यार्थ्याची विचार करण्याची पद्धत शिक्षकाला दिसतच नाही. ‘स्नॅप्स’ ही २००३ मधील पद्धत हेच काम विद्यार्थ्याकडे सोपवते: रुग्णाची माहिती थोडक्यात सांगणे, शक्यता दोन-तीनवर आणणे, त्यांची तुलना करणे, अडलेले शिक्षकांना विचारणे, उपचाराची योजना मांडणे आणि घरी वाचायला एक प्रश्न निवडणे.

हाताची कौशल्ये कशी शिकवावीत? ‘एक पाहा, एक करा, एक शिकवा’ हे अजून चालते का?

रुग्णाच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने ते चालू नये. शिरेत कॅन्युला (सलाइन देण्याची बारीक नळी) बसवणे हे उदाहरण घेऊ. ब्रिटिश शल्यचिकित्सक रॉडनी पेटन यांनी १९९८ मध्ये सांगितलेल्या चार पायऱ्यांत शिक्षक आधी ती कृती नेहमीच्या वेगाने, एक शब्दही न बोलता करतो. मग तीच कृती तोडून, प्रत्येक टप्प्याचे कारण सांगत करतो. तिसऱ्या वेळी हात शिक्षकाचे आणि शब्द विद्यार्थ्याचे असतात, म्हणजे विद्यार्थी पुढचा टप्पा सांगेल तेव्हाच शिक्षक तो करतो. आणि चौथ्या वेळी विद्यार्थी बोलत बोलत स्वतः करतो. तिसरी पायरी बहुतेक जण गाळतात. टूर्निकेट (दंडाला आवळून बांधलेला पट्टा) केव्हा सोडायचे हे विद्यार्थ्याच्या डोक्यात पक्के झाले आहे का, ते सुई हातात देण्यापूर्वी त्याच पायरीवर कळते, म्हणून ती गाळू नये.

आपल्या अभ्यासक्रमातील डोॲप हा क्रम, म्हणजे शिक्षकाने दाखवणे, विद्यार्थ्याने निरीक्षण करणे, साहाय्य करणे आणि मग देखरेखीखाली स्वतः करणे, याच विचाराचा विस्तार आहे. पुढचा भाग सरावाचा. अँडर्स एरिक्सन यांनी १९९३ मध्ये बर्लिनमधील व्हायोलिनवादकांच्या अभ्यासातून जी कल्पना मांडली तिचा ‘दहा हजार तास करा’ असा सोपा अर्थ पसरला. त्यांचा भर मात्र हेतुपूर्वक केलेल्या सरावावर होता. नेमका कच्चा भाग निवडणे, तोच पुन्हा करणे आणि प्रत्येक वेळी जाणत्याकडून दुरुस्ती मिळणे असा तो सराव. वर्षभर चुकीच्या पद्धतीने टाके घालणाऱ्या इंटर्नचा हात वेगवान होतो, पण त्याचे टाके सुधारत नाहीत.

सिम्युलेशनसाठी महागडे पुतळे लागतात का?

काही कामांसाठी लागतात. मायामी विद्यापीठात १९६८ मध्ये तयार झालेल्या ‘हार्वी’ या हृदयरोगाच्या पुतळ्यासारखी साधने दुर्मीळ मर्मर (हृदयाचे असामान्य आवाज) हवे तितक्या वेळा ऐकवू शकतात. पण बहुतेक कौशल्यांना साधे साहित्य पुरते: टाक्यांसाठी फोमचा तुकडा, इंजेक्शनसाठी संत्रे, प्रसूतीच्या सरावासाठी कापडी बाहुली आणि श्रोणीचा साचा. हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये कॅलिफोर्नियात रुग्णाची भूमिका वठवायला माणूस तयार केला. तेथून प्रमाणित रुग्णाची पद्धत सुरू झाली. आपल्याकडे समाजसेवा विभागातील कर्मचारी किंवा वरच्या वर्षाचे विद्यार्थी थोड्या तयारीने ही भूमिका चांगली करू शकतात. पुतळा कितीही उत्तम असो, सरावानंतरची शांत चर्चा वगळली तर शिकण्याचा मोठा भाग वाया जातो.

अभिप्राय कसा द्यावा? आपल्याकडे तर राऊंडवर ओरडा खाल्ल्याशिवाय डॉक्टर होत नाही असे मानतात.

या प्रश्नावर आम्हाला अधिक वेळ द्यावासा वाटतो, कारण वरच्या सर्व पद्धतींचे यश अखेर यावर अवलंबून आहे.

ओरडल्याने विद्यार्थी एक गोष्ट नक्की शिकतो: चूक लपवायला. आणि वैद्यकात लपवलेल्या चुकीची किंमत रुग्ण मोजतो. रात्री औषधाचा चुकीचा डोस गेला हे सकाळी निर्भयपणे सांगू शकणारा इंटर्न ज्या युनिटमध्ये आहे, ते युनिट अधिक सुरक्षित आहे. याचा अर्थ चुकांकडे डोळेझाक करावी असा नाही. चूक स्पष्ट सांगावी. माणसाचा अपमान करू नये.

उपयुक्त अभिप्राय शिक्षकाने स्वतः पाहिलेल्या गोष्टीविषयी असतो, लगेच दिलेला असतो, वागण्याविषयी असतो आणि पुढच्या वेळी काय करायचे ते सांगतो. “तुझे कम्युनिकेशन कच्चे आहे” यातून विद्यार्थ्याच्या हाती काही लागत नाही. “आजींनी दोनदा मुलाचा उल्लेख केला, पण दोन्ही वेळा तू त्यांना थांबवून खोकल्याविषयी विचारलेस. उद्या पहिले मिनिटभर मध्ये न बोलता ऐकून बघ” यातून लागते. ब्रिटनमधील डेव्हिड पेंडलटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये सुचवलेला क्रम नवख्या शिक्षकाला आधार देतो: काय चांगले झाले ते आधी विद्यार्थ्याने सांगायचे, मग शिक्षकाने, काय वेगळे करता आले असते तेही आधी विद्यार्थ्याने, मग शिक्षकाने. रोज वापरला तर हा साचा यांत्रिक वाटू लागतो. परस्परविश्वास निर्माण झाल्यावर तो सैल करायला हरकत नाही.

विद्यार्थ्याला आधी बोलू द्यायचे असले, तरी त्याच्या स्वतःविषयीच्या अंदाजावर विसंबून राहता येत नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर आढाव्यात डॉक्टरांचे आत्मपरीक्षण आणि बाहेरून केलेले मोजमाप यांचा मेळ फारसा बसत नसल्याचे दिसले. म्हणूनच दुसऱ्याच्या डोळ्यांची गरज आहे, आणि ती पदव्युत्तर शिक्षण संपल्यावरही संपत नाही.

परीक्षा कशी असावी? ऑस्की ही लाँग केसपेक्षा चांगली आहे का?

रोनाल्ड हार्डन आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथून ऑस्की (अनेक थांब्यांवर घेतली जाणारी प्रात्यक्षिक परीक्षा) मांडली, कारण लाँग केसमध्ये, म्हणजे एकाच रुग्णाच्या सविस्तर तपासणीवर घेतलेल्या परीक्षेत, गुण नशिबावर अवलंबून राहत: कोणाला बोलका, ठळक खुणा असलेला रुग्ण मिळे, कोणाला थकलेला आणि अबोल; कोणाला प्रसन्न परीक्षक, कोणाला कडक. ऑस्कीत सर्व विद्यार्थी त्याच थांब्यांवरून, तितक्याच मिनिटांत आणि त्याच निकषांवर जातात, त्यामुळे ती अधिक न्याय्य ठरते. तिची मर्यादाही लक्षात घ्यावी. पाच मिनिटांच्या तुकड्यांत संपूर्ण माणूस येत नाही, आणि विद्यार्थी निकषांची यादी पाठ करून “मी आता हात धुतो” असे नुसते म्हणायला शिकतो.

म्हणून अंतिम परीक्षेसाठी दोन्ही ठेवून वर्षभरात मिनी-सीईएक्स वापरावी असे आम्ही सुचवतो. जॉन नॉर्सिनी यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत शिक्षक खऱ्या रुग्णासोबत काम करणाऱ्या विद्यार्थ्याला पंधरा-वीस मिनिटे पाहतो आणि लगेच अभिप्राय देतो. वेगवेगळ्या शिक्षकांनी, वेगवेगळ्या रुग्णांसोबत अशी काही निरीक्षणे केली, की एखाद्या परीक्षकाच्या लहरीचा परिणाम ओसरतो. निवासी डॉक्टरांसाठी नेदरलँड्समधील ओल्ले टेन काटे यांची २००५ मधील कल्पना त्याला जोडता येते: ‘हे काम याच्यावर देखरेखीशिवाय सोपवू का?’ हाच प्रश्न मूल्यमापनाचा. प्रत्येक युनिटप्रमुख मनात हा निर्णय रोज करतच असतो. तो लिहून ठेवायचा एवढेच.

नीतिमत्ता वर्गात शिकवून येते का?

वर्गात तिची भाषा येते: संमती, गोपनीयता, स्वायत्तता. एटकॉमच्या तासांचा उपयोग तेवढा आहे आणि तो कमी लेखू नये. पण फ्रेडरिक हॅफर्टी आणि रोनाल्ड फ्रँक्स यांनी १९९४ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे वैद्यकीय महाविद्यालयात एक छुपा अभ्यासक्रमही चालू असतो. वर्गात ‘माहितीपूर्ण संमती’ शिकलेला विद्यार्थी वॉर्डात “इथे सही करा” एवढेच ऐकतो, तेव्हा तो दुसरा धडा घेतो. शवविच्छेदनाच्या पहिल्या दिवशी देहदात्यांना वंदन करून शपथ घेण्याची प्रथा अनेक महाविद्यालयांनी स्वीकारली आहे. तिचा परिणाम त्याच खोलीत पुढे वर्षभर शिक्षक त्या देहाविषयी कसे बोलतात यावर ठरतो.

शिक्षण इंग्रजीत आणि रुग्ण मराठीत. ही दरी कशी भरावी?

शासकीय महाविद्यालयांतील पंधरा टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात, त्यामुळे महाराष्ट्रात शिकणाऱ्या अनेकांची मातृभाषा मराठी नसते. फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषेसाठी जागा आहे, पण तेवढ्या थोड्या दिवसांत वॉर्डात चालेल इतकी भाषा येत नाही. पहिल्या वर्षीच्या रुग्णभेटींना ती जोडावी: दर भेटीला एका तक्रारीची हिस्ट्री मराठीत घ्यायची आणि रुग्णाने वापरलेले शब्द जसेच्या तसे लिहून आणायचे. धाप लागणे, घेरी येणे, कणकण, अंगावरून जाणे हे शब्द ज्याला कळत नाहीत त्याची हिस्ट्री अपुरी राहते.

मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांनाही याची गरज आहे, कारण चार वर्षे इंग्रजीत विचार केल्यावर रुग्णाला साध्या मराठीत समजावणे त्यांनाही जड जाते. शेवटी “मी सांगितलेली गोळी तुम्ही कशी घ्याल ते मला सांगा बरं, मावशी” असे विचारायची सवय लावावी. रुग्णाच्या उत्तरावरून विद्यार्थ्याला स्वतःचे समजावणे कितपत जमले ते लगेच कळते.

रुग्णालयाबाहेरच्या शिक्षणाचे काय?

वर्ध्याजवळच्या सेवाग्राममध्ये डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ मध्ये स्थापन केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि त्या गावातल्या कुटुंबांशी विद्यार्थ्यांचे नाते पुढेही राहते. राष्ट्रीय आयोगाने देशभर सुरू केलेला कुटुंब-दत्तक कार्यक्रम त्याच विचाराच्या जवळचा आहे. डेव्हिड कोल्ब यांच्या १९८४ मधील अनुभवाधारित अध्ययनचक्रानुसार अनुभव, त्यावर चिंतन, त्यातून संकल्पना आणि नवा प्रयोग असे चारही टप्पे पूर्ण व्हावे लागतात. बसने गावात जाऊन फॉर्म भरून परत येणे हा पहिलाच टप्पा झाला. ‘त्या घरातल्या बाईंनी रक्तदाबाची गोळी का सोडली’ यावर परतल्यानंतर अर्धा तास बोलले गेले आणि पुढच्या भेटीत त्यावर काही करून पाहिले गेले, तरच ते शिक्षण.

हे सारे शिक्षकाने कुठे शिकावे, आणि शिकून फरक पडला हे कसे ओळखावे?

प्रत्येक महाविद्यालयात वैद्यकीय शिक्षण कक्ष असतो आणि आयोगाचा मूलभूत अभ्यासक्रम अध्यापकांच्या बढतीसाठी आवश्यक आहे. अधिक खोलात जायचे असल्यास प्रगत अभ्यासक्रम आणि फेलोशिप आहेत. वैद्यकीय अध्यापकांना फेलोशिप देणारी भारतातील पहिली फाइमर प्रादेशिक संस्था २००५ मध्ये मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाली. तीन दिवसांच्या कार्यशाळेतून शब्द हाती येतात. कौशल्य येण्यासाठी सहकाऱ्याला आपल्या क्लिनिकमध्ये बसवून ‘मी किती बोललो आणि विद्यार्थी किती बोलले’ हे मोजून घ्यावे लागते.

परिणाम ओळखण्यासाठी डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये सांगितलेल्या चार पातळ्या वापराव्यात: आवडले का, शिकले का, वागणे बदलले का, आणि अखेर संस्थेच्या कामात फरक पडला का. बहुतेक प्रशिक्षणांचा अहवाल पहिल्या पातळीवरच्या अभिप्राय-अर्जांवर थांबतो. कॅन्युला बसवण्याचे प्रशिक्षण दिले असेल तर महिन्याभराने वॉर्डात जाऊन किती इंटर्न कॅन्युलावर तारीख लिहितात, किती जण हात धुतात आणि किती रुग्णांच्या हाताला सूज आली आहे हे मोजावे. या नोंदी परिचारिकांच्या मदतीने एका सकाळीत होतात, आणि पुढच्या तुकडीला काय वेगळे शिकवायचे ते त्यांवरून ठरवता येते.